बेचाळीस पावलं आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’

पत्र थोडक्यात: लेखिका ३६ वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. ४ वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं; मोठ्या आतड्याचा डावा भाग सुजलेला होता. औषधं लागू पडली, दीड वर्ष छान गेलं. “बरी झाले, मग जन्मभर गोळ्या कशाला” असं वाटून ८ महिन्यांपूर्वी त्यांनी रोजच्या मेसालामाइनच्या गोळ्या आपणहून बंद केल्या. गेला दीड महिना पुन्हा रक्त आणि आव पडते आहे, दिवसाला चार-पाच वेळा धावावं लागतं. नवरा, सासूबाई, आई, सगळ्यांचं एकच म्हणणं: “तू फार टेन्शन घेतेस, म्हणून होतं.” त्यांनी पहाटे अर्धा तास ध्यान सुरू केलं, जेवण चार-पाच पदार्थांवर आणलं, ६ किलो वजन उतरलं, पण रक्त काही थांबलं नाही. “मन शांत ठेवणंसुद्धा मला जमत नाही,” असं त्या लिहितात. नोकरीचा राजीनामा लिहून तयार आहे. तो देऊ का, आणि ताण कमी कसा करू, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई,

राजीनामा कपाटात ठेवा आणि आधी डॉक्टरांची वेळ घ्या. याच आठवड्यात. दीड महिना रक्त जात असताना डोकं थकव्याने जड झालेलं असतं आणि हातातलं जे सोडता येईल ते सोडून द्यावंसं वाटतं. अशा दिवसांत नोकरीचा निर्णय नको.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. पण आतड्याच्या दीर्घ आजारांच्या रुग्णांशी गेली अनेक वर्षं बोलते आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार आहे. त्यामुळे एक मोजमाप तुम्हाला आधीच देऊन ठेवते. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ साली मांडलेलं हे मोजमाप डॉक्टर आजही वापरतात. दिवसात ६ किंवा त्याहून जास्त वेळा रक्त पडत असेल आणि त्याच्या जोडीला ३७.८ अंश सेल्सियसच्या वर ताप, मिनिटाला ९० च्या वर नाडी किंवा १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन, यातलं एक जरी असेल, तर आजार तीव्र झाला असं धरतात. तसं झालं, किंवा पोट फुगून दुखायला लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. आणि घरात मागच्या वेळच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्या किती घ्यायच्या आणि कशा उतरवत न्यायच्या याचं गणित असतं आणि ते डॉक्टरांनीच मांडायला हवं.

आता तुमच्या पत्राकडे वळते. त्यात ‘ताण’ किंवा ‘टेन्शन’ हा शब्द मी ११ वेळा मोजला. गोळ्या बंद केल्याचा उल्लेख एकदाच आहे. आणि कंबर दुखायची म्हणून रक्त पुन्हा सुरू होण्याआधी महिनाभर पेनकिलर घेत होतात, हे तर तुम्ही कंसात लिहून टाकलंय. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने असं उदाहरण सोडवलं असतं, तर तुम्हीच तिला म्हणाला असतात, “अगं, दिलेली माहिती वापरलीच नाहीस तू.”

तीच माहिती वापरून बघू या. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजार शांत असलेल्या, मेसालामाइनवर असलेल्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये २ वर्षं आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के दिसली आणि नियमित न घेणाऱ्यांमध्ये ३९ टक्के. या गोळ्या आतड्याच्या आतल्या अस्तराची सूज दाबून ठेवतात. आपल्याला बरं वाटत असतं ते बहुतेक वेळा त्या काम करत असतात म्हणून. पेनकिलरचं म्हणाल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी काही रुग्णांचा आजार उसळतो. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. शिवाय डॉक्टर शौचाची तपासणी सांगतील, ती टाळू नका. जंतुसंसर्गही हुबेहूब अशीच लक्षणं दाखवतो, विशेषतः नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर.

म्हणजे आजार परतण्याची दोन तगडी कारणं तुमच्याच पत्रात होती आणि घरातल्या कोणाचं, तुमचंसुद्धा, तिकडे लक्ष गेलं नाही. सगळ्यांनी मिळून तुमच्या स्वभावाला धरलं. याचा मला राग येतो, तो तुमच्या घरच्यांचा नाही. हा समज फार जुना आहे त्याचा. १९५० च्या सुमारास शिकागोचे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी मनातल्या संघर्षातून उद्भवतात अशा सात आजारांची यादी मांडली होती. तीत दमा होता, उच्च रक्तदाब होता आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. पुढे कळत गेलं की इथे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, त्यात जनुकांचा वाटा असतो आणि आतड्यातल्या जिवाणूंचाही. डॉक्टरांच्या पुस्तकातून ती यादी केव्हाच गेली, पण घराघरातल्या बोलण्यातून गेलेली नाही.

मग ताणाचा काहीच संबंध नाही का? आहे. पण तुम्हाला सांगितला जातो तसा नाही. रोममधल्या ६२ रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आजार शांत असताना त्यांना गाठलं आणि पुढे काही वर्षं पाठपुरावा केला. आयुष्यात एखादा मोठा प्रसंग घडला म्हणून आजार उसळला, असं त्यात दिसलं नाही. थोड्या दिवसांच्या ताणानेही नाही. पण ज्यांना दीर्घकाळ, सतत, सगळं अंगावर आल्यासारखं वाटत होतं, त्यांच्यात आजार उसळण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. लेकीची परीक्षा, पेपर तपासायचे ढीग, सासूबाईंशी झालेली कुरबुर, यातल्या एकेका गोष्टीला भिऊन राहायचं कारण उरत नाही. बघायचं ते असं की वर्षानुवर्षं, रोज, न चुकता तुमच्यावर कशाचा भार आहे.

तो कशाचा, हे तुम्हीच लिहिलंय. त्याला तुम्ही ताण म्हटलेलं नाही एवढंच. “वर्गाच्या दारापासून शिक्षिकांच्या स्वच्छतागृहापर्यंत ४२ पावलं आहेत. मध्ये मुख्याध्यापिकांची खोली लागते. तिसऱ्या तासाला कळ आली की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि ती ओसरेपर्यंत तेच समीकरण पुन्हा पुन्हा लिहिते. शाळेत कोणालाच माहीत नाही.”

ताई, चार वर्षं! पहाटे अर्धा तास मांडी घालून बसल्याने ही ४२ पावलं कमी होणार नाहीत. तुम्हाला शिकवण्याचा त्रास आहे असं पत्रात कुठेच दिसत नाही. उलट नववीच्या मुलांबद्दल किती मायेने लिहिलंय तुम्ही. त्रास आहे तो लपवण्याचा. राजीनामा दिलात तर ही पावलं सुटतील, पण पुढे प्रवासात, नातेवाइकांकडे, लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात नवी पावलं मोजायला लागाल. शिवाय दिवसभर घरात, सगळ्यांच्या ‘आज कसं आहे?’च्या नजरेखाली. हाताशी स्वतःचा पगार नसेल, ते वेगळंच.

म्हणून माझं मत विचाराल तर आधी सांगून बघा. सगळ्यांना नाही, दोघींनाच: मुख्याध्यापिकांना आणि शेजारच्या वर्गावर असणाऱ्या, मन जुळतं अशा एका सहकारी बाईंना. रक्त, आव, किती वेळा, यातलं काही सांगायची गरज नाही. एवढंच म्हणा: “मला मोठ्या आतड्याला सूज येण्याचा दीर्घ आजार आहे. संसर्गजन्य नाही. उपचार चालू आहेत. तो वाढला की मला एकदम, थांबता न येण्यासारखं स्वच्छतागृहात जावं लागतं. अशा वेळी पाच-दहा मिनिटं वर्गाकडे कोणी बघेल अशी सोय हवी आहे.” मागणी नेमकी असली की समोरच्यालाही मदत करणं सोपं जातं. तुमच्या बाबतीत मी आणखी दोन गोष्टी मागितल्या असत्या: सध्यापुरता पहिला तास मोकळा, आणि स्वच्छतागृहाच्या जवळचा वर्ग. शेजारच्या बाईंशी खूण ठरवून ठेवा. मुलांसाठी सोडवायच्या उदाहरणांचा एक कागद कायम टेबलावर असू द्या; तुम्ही बाहेर पडलात की मुलं त्याला लागतील.

पहिला तास मोकळा मागा म्हणते त्यामागे कारण आहे. झोपेतून उठल्यावर मोठं आतडं जोरात हालचाल करू लागतं, आणि पोटात काही पडलं की पुन्हा. हे प्रत्येकाचंच होतं. पण गुदाशय ही साठवणीची जागा. ती सुजली की ताणली जात नाही, आणि जरासं काही आलं तरी ‘भरलं, भरलं’ असा निरोप पाठवते. त्यामुळेच धावत जायचं आणि पडायचं थोडंसंच, कधी नुसतं रक्त आणि आव. ती कळ रोखता न येणं हा मनाचा दुबळेपणा नव्हे, सुजलेल्या स्नायू-अस्तराचा हिशेब आहे. सकाळचं खाणं आणि कॉफी निघण्याच्या तास-दीड तास आधी उरकून बघा, फरक पडतो का ते कळेल. आणि डॉक्टरांनी गुदद्वारातून घ्यायचं औषध दिलं, एनिमा किंवा सपोझिटरी, तर लाजून ते बाजूला ठेवू नका. डाव्या भागाच्या आजारात तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या जोडीला हे औषध असेल तर गुण जास्त येतो. कित्येक जण ते आणून कपाटात ठेवतात आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतात.

माझी बहीण कुठेही निघाली की तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी असते. अंतर्वस्त्राचा एक जोड, ओले टिश्यू, कचऱ्यासाठी दोन काळ्या पिशव्या, त्वचेला लावायचं मलम. गेल्या सहा वर्षांत ती पिशवी एकदाच उघडली. तरी तिच्याशिवाय ती बाहेर पडत नाही, कारण पिशवी आहे म्हटल्यावर रस्त्याने तिचं लक्ष इकडे तिकडे जातं, दुकानांच्या पाट्या वाचते, माझ्याशी भांडते. आधी ती नुसती स्वच्छतागृहं शोधत चालायची.

हे सगळं करूनही नोकरी झेपत नसेल तर? तर वैद्यकीय रजा हा मधला रस्ता आहे, आणि मी तो राजीनाम्याच्या आधी धरीन. दोन-तीन आठवडे औषधांना काम करायला द्या. आजार शांत होऊन काही महिने झाल्यावरही वाटलं की ही नोकरी आपल्याला पिळून काढते आहे, तर खुशाल सोडा. ज्यांच्या कामात रात्रपाळी आहे, तासन्‌तास प्रवास आहे, वाटेत थांबायची सोयच नाही, त्यांनी काम बदलण्याचा विचार जरूर करावा. पण तो सुद्धा धडधाकट असताना.

ध्यान सोडू नका. फक्त त्याला रक्त थांबवायच्या कामाला जुंपू नका. जर्मनीत ७७ रुग्णांवर झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: आठवड्यातून एकदा दीड तास योगासनं, असं १२ आठवडे. नुसती लेखी माहिती मिळालेल्या गटापेक्षा योग करणाऱ्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य झालं. २०१४ च्या आणखी एका छोट्या प्रयोगात सजगतेचं ध्यान शिकलेल्यांचा आजार कमी वेळा उसळला असं दिसलं नाही, पण ज्यांचा उसळला त्यांना तो काळ इतरांपेक्षा बरा गेला. एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. पहाटे अर्ध्या तासाच्या जागी दहा मिनिटं करा आणि उरलेली वीस मिनिटं झोपा. तुम्ही साडेचारला उठता आणि अकराला झोपता, असं लिहिलंय; आजार उसळलेला असताना ही झोप फारच अपुरी आहे. अंगात ताकद आली की रोज चालणं सुरू करा, स्वच्छतागृहाच्या टप्प्यातल्या रस्त्यावरच, म्हणजे धास्ती राहणार नाही. आणि कळ आल्यावर दात-ओठ आवळून श्वास कोंडता ना, त्याऐवजी श्वास लांब सोडायचा. पोट आणि खालचे स्नायू जरा सैल पडतात, ४२ पावलं चालणं जमतं.

जेवणाबद्दल मात्र मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे. चार-पाच पदार्थांवर राहून ६ किलो उतरवलंत, हे पथ्य नाही, उपास आहे. कोणत्याही एका पदार्थाने हा आजार होत नाही आणि कोणताही एक पदार्थ टाळून तो जात नाही. आजार उसळलेला असताना कच्च्या भाज्या, साली, बिया, फार तिखट, फार तेलकट हे काही दिवस कमी करणं योग्यच; त्याने धावपळ कमी होते. पण या दिवसांत शरीराला प्रथिनं जास्त लागतात, रक्तातून लोह जात असतं, जुलाबातून पाणी आणि क्षार जातात. मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खा. दूध सोसत नसेल तर ते दोन आठवडे बंद करून बघा, फरक नसेल तर परत सुरू करा. बंद केलेल्या प्रत्येक पदार्थाला असाच न्याय द्या: एका वेळी एकच, तारीख घालून वहीत नोंद. आजार शांत झाल्यावर तंतुमय पदार्थ हळूहळू परत यायला हवेत. आहारतज्ज्ञांची एक भेट मिळाली तर फारच छान. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हेही डॉक्टरांना विचारा. ज्याला तुम्ही ‘उमेद संपली’ म्हणताय त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा असू शकतो.

घरच्यांचं काय करायचं? नवऱ्याला या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या. तुमच्यासमोर, त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना विचारू द्या: “हिच्या टेन्शनमुळे होतं का हो?” उत्तर त्यांच्या कानांनी ऐकलेलं बरं. सासूबाईंचं ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे काळजीच्या पोटीच असणार, पण त्यांना दुसरं काम सांगा: “तुम्ही मला रोज रात्री गोळी घेतली का, एवढं विचारत जा.” काळजीला करायला काही हाताशी मिळालं की ती उपदेश कमी करते, हे मी आमच्या घरात पाहिलंय. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं, तर झोप उडणं, चिडचिड होणं, उगाच रडू येणं हे त्या औषधामुळेही होतं, हे घरात आधीच सांगून ठेवा. नाहीतर पुन्हा तुमच्या स्वभावाचा पाढा सुरू होईल. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागेनासं झालं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. या आजारात नैराश्य आणि चिंता पुष्कळांना गाठतात आणि त्यावर उपचार आहेत.

आजार आटोक्यात आल्यावरही कधी कधी पोटात गुरगुरेल, घाई होईल. प्रत्येक वेळी तो परतला असं समजून घाबरू नका. सूज नसतानाही आतडं काही काळ हळवं राहतं. शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी खरी सूज आहे का, हे बऱ्यापैकी सांगते. आणि लक्षणं सुरू झाल्याला ८ वर्षं झाली की, बरं वाटत असलं तरी, आतड्याच्या कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी कोलोनोस्कोपी ठरावीक काळाने करावी लागते. तुमच्या त्या वर्षाची नोंद आत्ताच करून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. गोळ्या बंद केल्याची तारीख, पेनकिलरचं नाव आणि किती दिवस घेतली, मधे अँटिबायोटिक झालं का, आधीचं आणि आत्ताचं वजन, गेल्या तीन दिवसांत किती वेळा गेलात, त्यातलं रक्त किती वेळा, रात्री किती वेळा उठलात. मोजायची सवय तुम्हाला आहेच. गोळ्या तुम्ही स्वतःहून बंद केल्यात हे सांगायला संकोच करू नका, डॉक्टरांनी हे असंख्य वेळा ऐकलेलं असतं, आणि न सांगितल्यास ‘हे औषध लागू पडत नाही’ असं समजून ते विनाकारण जास्त कडक औषधाकडे वळतील.

शाळेत ज्या दिवशी सांगाल, त्या दिवशी तिसऱ्या तासाला काय झालं ते मला नक्की लिहा.